देठाकडचा तुकडा

माझे सासरे दात करतात. काढत नाहीत, करतात. काढणारे डॉक्टर वेगळे. ते माणसाच्या जबड्याचा ठसा घेऊन आमच्या घरी पाठवतात. मग मागच्या खोलीत बाबा त्या ठशात प्लास्टर ओततात, साच्यावर मेण चढवतात, मेणात एकेक दात लावतात आणि शेवटी गुलाबी हिरड्यांसकट कवळी तयार करून डबीत घालून परत धाडतात. गल्लीत त्यांना दातकाकाच म्हणतात. माझं लग्न ठरलं तेव्हा माझा भाऊ म्हणाला होता, "चला, तुझ्या म्हातारपणाची सोय झाली."

माणूस कमालीचा चिकाटीचा. एका सुळ्याचा बाक मनासारखा येईना म्हणून सबंध दुपार घालवतील. "ह्या बाई हसताना डावीकडून हसतात, डॉक्टरांनी फोटो पाठवलाय," असं म्हणत तो सुळा मेणातून काढतील, पुन्हा बसवतील, भिंग लावून पुन्हा बघतील. त्या बाई डावीकडून हसतात की उजवीकडून, आपल्याला काय करायचंय, असं मी एकदोनदा म्हणून पाहिलं आहे. मी शाळेत गणित शिकवते. उत्तर बरोबर आलं की मला पुढच्या उदाहरणाची घाई असते. बाबांचं उत्तर कधी येतच नाही, त्यांची नुसती रीत चालू असते.

एवढ्या बारीक कामाचा माणूस, पण जेवणाच्या बाबतीत त्यांना स्वतःचं मत म्हणून नव्हतं. ते खातं त्यांनी लग्न झाल्या दिवशीच सासूबाईंच्या स्वाधीन केलं होतं. घास तोंडात घालायचा, चावायचा आणि समोर आईंकडे बघायचं. आईंच्या कपाळावर आठी आली की ह्यांना कळायचं, अरेच्चा, तिखट जास्त झालंय. मग तेही गंभीरपणे मान हलवायचे. चहाचंही तेच. "कसा झालाय गं?" हे आधी आणि घोट नंतर.

आता आईंबद्दल सांगायला हवं. आमच्या आई नावं ठेवतात. म्हणजे तो त्यांचा स्वभाव नव्हे, ती त्यांची कला आहे. माझ्या हातचा पहिला स्वयंपाक त्यांनी शांतपणे खाल्ला आणि विचारलं, "मीठ कुठल्या डब्यातलं घातलंस?" मी भाबडेपणाने डबा दाखवला. "बरं झालं सापडला. आता घाल." दुसऱ्या दिवशी बटाट्याची फोड बोटाने दाबत म्हणाल्या, "आपण शिजतोय हे बटाट्याला कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं का?" कुणाकडे जेवायला गेलो की घरी परतेपर्यंत बिचाऱ्या दम धरायच्या आणि चपला काढता काढता सुरू व्हायच्या. आधी सूप, मग भाजी, मग यजमानीणबाईंनी हौसेने केलेला केक. कुणालाही सोडायच्या नाहीत.

पण एक होतं. त्यांनी ठेवलेलं नाव कधी खोटं नसायचं. आणि एखादा पदार्थ मनापासून आवडला तर तोंडाने चकार शब्द न काढता त्या दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या. एवढीच त्यांची शाबासकी. ज्या दिवशी ती माझ्या वाट्याला यायची, त्या दिवशी मी शाळेत पोरांना गृहपाठ माफ करायचे.

काकडी चिरायची तर त्यांची ठरलेली पद्धत होती. आधी देठाकडचं टोक कापायचं, चकती जिभेला लावायची, आणि ती पास झाली तरच उरलेली काकडी ताटात यायची. कडू निघाली की रवानगी सरळ कचऱ्यात. त्यामुळे आमच्या घरात कडू काकडी कुणी खाल्लेलीच नाही. काकडी कडू असू शकते हे बाबांना फक्त ऐकून माहीत होतं.

मग आईंचं ते आजारपण आलं. साध्या सर्दीतापासारखं आलं आणि गेलंही, पण जाताना त्यांची चव आणि वास दोन्ही घेऊन गेलं. आम्हाला आधी पत्ताच नव्हता. आई कितीतरी दिवसांनी टेबलाशी येऊन बसल्या, जेवल्या आणि म्हणाल्या, "छान झालंय." मी आणि माझ्या नवऱ्याने एकमेकांकडे पाहिलं. भाजीत मीठ घालायला मी विसरले होते, आणि ते आम्हा दोघांनाही पहिल्याच घासाला कळलं होतं.

त्यानंतर घरात सगळंच छान व्हायला लागलं. करपलेलं छान, आळणी छान, आदल्या दिवशीचं छान. आई वाढलं तेवढं निमूट खायच्या, हळूहळू तेवढंही खाईनाशा झाल्या, अंगातले कपडे सैल पडायला लागले. एका संध्याकाळी त्या काकडी चिरत होत्या. टोक कापलं आणि जिभेला न लावताच सालांमध्ये टाकून दिलं, आणि सुरी पुढे चालवली. मला रडू आलं. लग्न झाल्यापासून जिच्या जिभेला मी घाबरत आले, ती जीभ गेली म्हणून मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

बाबांची तर वाटच हरवली. घास घ्यायचे, सवयीने आईंकडे बघायचे, आणि समोरून "छान आहे" आलं की पुढचा घास तसाच हातात धरून बसायचे. एकदा मला म्हणाले, "मला चव कळत नाही असं नाही गं. पण हिने नाव ठेवल्याशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही." आणि लगेच ते कुणाचीतरी दाढ घासायला निघून गेले.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, पण कधी ते सांगता येत नाही. तोवर रोज ठळक वासाच्या वस्तू हुंगायच्या, ताजं आणि तऱ्हेतऱ्हेचं खायचं, धीर सोडायचा नाही. हुंगायला अर्कांच्या छोट्या बाटल्या दिल्या. बाबांनी त्या घरी आणून एकेक स्वतः हुंगली आणि बाजूला ठेवली. "हा पुदिना नव्हे, हा पुदिन्याचा फोटो आहे." मग बाजारातून खरा पुदिना आणला, तोही नापास झाला. "दोन दिवस बर्फात झोपून आलेला दिसतो." शेवटी त्यांनी जाहीर केलं की हिला जे काही द्यायचं ते जिवंत द्यायचं, आणि त्यासाठी ते घरातच पिकवायचं. ह्या घोषणेपर्यंत बाबांनी आयुष्यात एकही रोप लावलेलं नव्हतं.

आमचं घर चौथ्या मजल्यावर. गॅलरी एवढी, की दोघांनी उभं राहायचं तर एकाने श्वास आत घ्यावा. तिथे बाबांनी शेती मांडली. प्लास्टरच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरली. जबड्याचा ठसा घ्यायचे पत्र्याचे ट्रे खत घालायला आले. मेण कोरायची टोकदार सळई बी पेरायला भोकं पाडू लागली. कवळीच्या डब्यांत ओल्या कापसावर मोहरी रुजायला बसली. कपडे वाळत घालायची दोरी काकडीच्या वेलासाठी राखीव झाली आणि माझ्या साड्या जेवणाच्या खुर्च्यांवर वाळू लागल्या. नवरा म्हणाला, "बाबा, आता फक्त बैल तेवढा राहिलाय." बाबांनी गॅलरीकडे अशा नजरेने पाहिलं की मला खरंच धास्ती वाटली.

पहिलं पीक पुदिन्याचं. बाबांनी कोवळं पान खुडलं, हातात चुरडलं आणि आईंच्या नाकाशी धरलं. मग त्यांच्या जिभेवर ठेवलं. आणि त्यांचा चेहरा न्याहाळत उभे राहिले. आई बराच वेळ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो... लागतंय हो थोडं. थंड लागतंय."

बाबांनी तो पुदिना जिन्यातल्या प्रत्येक दारात वाटला. खालच्या इस्त्रीवाल्याला, वरच्या पाळणाघरवाल्या बाईंना, टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनला. "आमच्या हिला चव आली!" पण माणूस पडला बारीक कामाचा. आनंद झाला म्हणून मोजमाप सोडील कसा? परत आल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावर चूळ भरायचे तीन कागदी पेले मांडले. एकात मिठाचं पाणी, एकात साखरेचं, एकात साधं. "आता ह्यात काय आहे सांग बघू!" अगदी लाडाने म्हणाले.

आईंनी पहिला पेला तोंडाला लावला आणि बाबांकडे पाहिलं. दुसरा लावला, पुन्हा बाबांकडे पाहिलं. इतकी वर्षं बाबा उत्तर शोधायला आईंच्या तोंडाकडे बघायचे. आता आई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. शेवटी साध्या पाण्याच्या पेल्यावर बोट ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "हे गोड आहे."

बाबांनी तिन्ही पेले मोरीत ओतले आणि मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. नंतर ते गॅलरीत फिरकलेच नाहीत. पुदिना वाळला. मी आईंना जरा घुश्शातच विचारलं, "लागतंय असं कशाला म्हणालात हो?" त्या म्हणाल्या, "ह्यांचं तोंड पाहिलं होतंस का? मला नाहीच म्हणवेना." आणि पदराने टेबल पुसत राहिल्या. टेबल स्वच्छच होतं.

शेतीचा कारभार आटोपला, असंच मला वाटलं. साड्या पुन्हा दोरीवर घालायचा बेतही मी केला होता. पण एके सकाळी आई मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, तुमच्या टोमॅटोला फुलं आलीत."

"येऊ देत." बाबांनी मानही वर केली नाही.

"येऊ देत काय? गळून चाललीत सगळी. काहीतरी चुकतंय तुमचं."

चुकतंय म्हटल्याबरोबर बाबा उठले. त्या शब्दाची त्यांच्या कानांना किती दिवसांची भूक होती! गॅलरीत जाऊन त्यांनी फुलं पाहिली, भिंग आणून पुन्हा पाहिली, कुणाकुणाला फोन केले आणि निदान केलं. टोमॅटोच्या फुलातला पराग हलवून सुटा करावा लागतो. ते काम वाऱ्याचं नाहीतर माशीचं. आमच्या बंदिस्त गॅलरीत दोन्ही येत नाहीत. मग बाबा स्वतःच माशी झाले. एका विक्रेत्याने नमुना म्हणून दिलेला विजेवरचा टूथब्रश कपाटात पडून होता. तो चालू करायचा आणि फुलाच्या देठाला अलगद टेकवायचा. झुर्रर्र आवाज व्हायचा, पिवळी धूळ उडायची आणि बाबा पुढच्या फुलाकडे वळायचे. रोज चहाच्या आधी हा कार्यक्रम. पहिल्या दिवशी नवऱ्याने गॅलरीत डोकावून पाहिलं, थोडा वेळ थांबला आणि अदबीने विचारलं, "बाबा, गुळण्यांना पाणी आणू का त्यांच्यासाठी?"

ह्याच सुमारास मोहरीचं प्रकरण झालं. मोहरी रुजेपर्यंत डब्या झाकून अंधारात ठेवायच्या, कुणी उघडायच्या नाहीत, असा बाबांचा हुकूम होता. आणि कवळ्या जातात त्याही तसल्याच डब्यांतून. पुढचं सांगायला नकोच. एका दुपारी बाबा बाहेर गेले होते आणि दातांच्या डॉक्टरांचा फोन आईंनी घेतला. डॉक्टरांना हसू आवरत नव्हतं. त्यांच्या खुर्चीत एक निवृत्त न्यायाधीश बसले होते. डॉक्टरांनी मोठ्या तोऱ्यात डबी उघडून त्यांच्यापुढे धरली होती आणि आत कोवळी लुसलुशीत मोहरी डुलत होती. न्यायाधीश म्हणाले म्हणे, "मला चावायचं होतं, चरायचं नव्हतं."

आम्ही फडताळ उघडून पाहिलं. तिथे अंधारात, कुणी उघडू नये अशा बंदोबस्तात, न्यायाधीशांचे दात उगवायची वाट बघत बसले होते. आई खाली बसल्या आणि पोट धरून हसल्या. आजारपणानंतर त्या पहिल्यांदाच तशा हसत होत्या. बाबा परत आल्यावर लाजेने कानापर्यंत लाल झाले, पण आईंना पुन्हा हसू फुटलं तेव्हा तेही दारात उभे राहून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येक डबीवर चिठ्ठी डकवली. एका बाजूला "दात", दुसऱ्या बाजूला "अन्न".

आता बाबांचा आत्मविश्वास दुणावला. नुसतं पिकवून थांबेनात, करायलाही लागले. पाव केला. प्लास्टर कालवायच्या रबरी वाडग्यात पीठ मळलं आणि, मला वाटतं, मळलंही प्लास्टरच्याच मापाने. नवरा म्हणाला, "धंद्याच्या दृष्टीने उत्तम आहे. पाव खाऊन दात पडला तर नवा इथेच मिळेल." मग चीज केलं. दूध फाडून, फडक्यात बांधून, वर जबड्याचे जुने साचे वजन म्हणून ठेवून. उघडल्यावर दातांच्या रंगांची पट्टी लावून पाहिली आणि समाधानाने म्हणाले, "बरोबर ए-दोन नंबरचा रंग आलाय." चवही साधारण दातासारखीच होती. आम्ही नवराबायको ते सगळं पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचो. आई मात्र शेवटपर्यंत चावायच्या आणि म्हणायच्या, "छान आहे हो." बाबा "बरं" म्हणायचे आणि उठून जायचे.

पहिला टोमॅटो पिकला तेव्हा बाबांनी तो तोडायला दोन दिवस लावले. मग एका रविवारी दुपारी त्याच्या फोडी करून बशी टेबलावर आणली. मला म्हणाल तर टोमॅटो खरोखर चांगला होता. मी तसं म्हटलंही, पण माझ्या मताला त्या घरात किती किंमत होती ते तुम्हाला कळलंच असेल. आईंनी फोड खाल्ली. थोड्या थांबल्या. "छान आहे," म्हणाल्या. बाबा "बरं" म्हणाले आणि रिकाम्या देठाकडे बघत बसले. बशीत शेवटची एक फोड उरली होती. ती मी उचलणार तोच आईंनी उचलली. मला वाटलं, टेबल आवरायची घाई झाली असेल.

टोमॅटोचा बहर ओसरला आणि सगळ्यांच्या नजरा काकडीवर खिळल्या. काकडीचं लग्न बाबांनी ब्रशने लावलं. कृत्रिम दातांना खरेपणाची छटा द्यायचा त्यांचा अगदी बारीक ब्रश होता, त्याने एका फुलातला पराग दुसऱ्या फुलात नेऊन टेकवायचे. बरीच फुलं गळली. एकच फळ धरलं. माझ्या साड्यांच्या जागी दोरीवर ती काकडी लोंबू लागली आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला तिच्यासमोर उभं केलं जाऊ लागलं. मध्येच एका डॉक्टरांकडून कामाचा एकदम मोठा ढीग आला. ऊन कडक होतं, आणि पाणी घालायचं कधी राहून जायचं, कधी आठवण झाली की बाबा भसाभसा ओतायचे. तरी काकडी दिसायला देखणी झाली. सरळ, हिरवी, एकसारखी.

ती चिरायचा मान बाबांनी कुणालाही दिला नाही. आई सवयीने उठल्या, तर "तू बस," म्हणाले. स्वतः सुरी घेतली, देठाकडून सुरुवात केली, चकत्या अगदी एका जाडीच्या केल्या आणि पहिल्या चकत्या, म्हणजे आपल्या समजुतीने सगळ्यात मानाच्या, आईंच्या ताटात वाढल्या. मग नवऱ्याच्या, मग माझ्या, उरलेल्या स्वतःच्या.

"वा!" नवरा म्हणाला. "एकदम गोड आहे, बाबा!"

माझीही गोड होती. बाबांनी आपली चकती तोंडात घातली आणि सवयीने आईंकडे पाहिलं.

आई चावता चावता थांबल्या. त्यांचं तोंड वाकडं झालं. कपाळावर एक आठी आली, जी आम्ही कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

"शी!" त्यांनी घास हातावर काढला. "अहो, कडू जहर आहे ही!"

नवऱ्याने आपल्या ताटातली दुसरी चकती खाऊन पाहिली. "नाही गं आई. चांगली आहे."

बाबांनीही आपली दुसरी चकती खाल्ली. हळूहळू चावली. मला त्यांच्या चेहऱ्यावर ते तीन पेले दिसले. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "असू दे गं. माझ्यासाठी काही म्हणायला नको. आहे तसं चालेल मला."

"चालेल काय?" आई कडाडल्या. "देठाकडचा तुकडा कोण ताटात वाढतं? आधी जिभेला लावून बघायचा असतो! एवढं आयुष्य गेलं माझ्याबरोबर, एवढं दिसलं नाही कधी?"

मी हात लांब केला आणि आईंच्या ताटातली अर्धी खाल्लेली चकती उचलून तोंडात टाकली. कडू. इतकी कडू की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी सगळंच कडूपणाचं नव्हतं. "बाबा," मी म्हटलं, "कडू आहे. खरंच कडू आहे!"

बाबांनी माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. म्हटलं ना, बारीक कामाचा माणूस. आईंच्या ताटात राहिलेली चकती त्यांनी उचलली, खाल्ली, आणि त्यांचंही तोंड अगदी आईंसारखं वाकडं झालं. तरी थुंकली नाही. शेवटपर्यंत चावून गिळली. मग दुसरी घेतली.

"अहो, टाका ती! वेड लागलंय का?"

"बोल," बाबा म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "आणखी काय काय वाईट आहे? सगळं सांग."

आईंना आग्रहाची गरज नव्हती. इतक्या महिन्यांचं साठलेलं होतं. पाव आपटला तर फरशी फुटेल. चीजला मेणाचा वास येतो, फडकं कुठलं वापरलंत ते मला ठाऊक आहे. मोहरी कापसासकट खायची असते का, निदान तोडून तरी वाढा. सूनबाईने भाजीत मीठ हात राखून घालायला सुरुवात केली आहे, मला काही कळत नाही असं समजून. मी मान खाली घालून ऐकत होते. नवरा ऐकत होता. अशी बोलणी खाऊन इतकं पोट भरलेलं मला कधी आठवत नाही.

ऐकता ऐकता माझ्या डोक्यात उजेड पडला. पाव आणि चीज टोमॅटोनंतरही घरात होतच राहिलं होतं, पण आज तर ताटात नव्हतं; मग ही चव आजची कशी? "आई, एक मिनिट. तुम्हाला चव आली कधी?"

आईंनी मिठाचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं.

"टोमॅटोच्या दिवशी," त्या म्हणाल्या. "आधी वाटलं, भास आहे. मग शेवटची फोड खाऊन पाहिली."

बाबा बघतच राहिले. "अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. छान आहे म्हटलं."

"पण छान तर तू सगळ्यालाच म्हणत होतीस!"

"मग आणखी काय म्हणायचं असतं? मला कुठे येतं चांगलं म्हणायला?" आईंचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि चव आली म्हटलं असतं तर तुम्ही पुन्हा तीन पेले मांडले असते. चव काय, एक दिवस यायची, दोन दिवस जायची. त्या पेल्यांत मी पुन्हा चुकले असते, तर तुम्ही पुन्हा त्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं असतं. ते मला नको होतं."

बाबांनी हात पुढे करून त्यांच्या हातातलं मिठाचं भांडं काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं. हात मात्र तसाच धरून ठेवला. माझ्यादेखत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. नवरा छताचा पंखा बघू लागला.

"कसा होता?" बाबांनी विचारलं.

"काय?"

"टोमॅटो."

आईंनी खूप विचार केला. बाबा त्यांच्या तोंडाकडे बघत होते, नेहमीसारखे, घास हातात धरून थांबलेल्या माणसासारखे.

"आंबट होता," आई म्हणाल्या. "मग मागून गोड होता. उन्हाचा वास होता त्याला." मग थोड्या थांबून म्हणाल्या, "साल जरा जाड होतं."

"साल जाड होतं," बाबा माझ्याकडे वळून म्हणाले. तोंड भरून हसत होते. "ऐकलंस ना? साल जाड होतं म्हणतेय."